टॉवेल्याचे पाय

मी खोलीत शिरले तेव्हा दादाने उजव्या हाताने डावा हात पांघरुणाखाली सरकवला. जणू मला ठाऊकच नव्हतं.

एकवीस वर्षं त्याने बस चालवली. उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करता करता झटका आला आणि अर्धं अंग निजलं. पाय हळूहळू जागा झाला, बोलणंही जड का होईना, परतलं. हात तेवढा रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे दोन-तीन महिने हात हलता राहिला तर येईल. नाही तर मग अवघड आहे." आणि दादा काय करायचा? बाईंची चप्पल दाराशी वाजली की डोळे मिटून घ्यायचा.

शेवटी वहिनीने मला फोन केला. "वन्सं, तुम्हीच या. माझं ऐकणं त्यांनी सोडलंय."

शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं आणि माळ्यावरून एक पिशवी काढून घेऊन गेले.

"काय आणलंस?"

"टॉवेल्याला."

तो हसला नाही. पण मान टीव्हीकडे वळली.

आमच्या लहानपणी एक सिनेमा आला होता. लाल झगेवाला एक वीर, छपरांवरून उडणारा. गावातल्या थिएटरात चार दिवस लागला आणि त्या चारही दिवसांत आम्हा दोघांना गालगुंड. भिंतीवरचं पोस्टर तेवढं पाहिलं, तेही गालाला फडकं बांधून. म्हणून मामाने टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणि त्याच सिनेमाची कॅसेट आणली. आईने पडद्यावर एक नजर टाकली. "हा कोण मेला, मोरीतून टॉवेल घेऊन पळतोय?" झालं. जगाचा तारणहार आमच्या घरात टॉवेल्या झाला.

रिमोट दोन होते, त्यातला एक मुका. मग भांडणं, केस ओढणं. आई ओरडली, "दोघं मिळून खेळा, नाही तर डबा माळ्यावर!" तिला म्हणायचं होतं, आळीपाळीने. आम्ही ऐकलं ते वेगळंच. एकच रिमोट दोघांनी धरला. डावीकडे अधिक चिन्हासारखं बटण, चालवायचं, ते दादाकडे. उजवीकडची दोन बटणं, उडी आणि ठोसा, माझ्याकडे. तो टॉवेल्याचे पाय, मी पंख. खांद्याला खांदा, गालाला गाल, त्याच्या तोंडाला पेरूचा वास. कडा कधी आली ते मला कळावं म्हणून दादा गुणगुणायचा:

एक पाऊल, दुजं पाऊल,
तिज्याला गं वारा,
सरली वाट, उचल पाय,
उड माझ्या पोरा!

'उड' म्हटलं की मी बटण दाबायची. वर्षभर असे खेळलो आणि अख्खा रिमोट दोघांपैकी एकालाही कधी आला नाही. पुढे मोठेपणी तो सिनेमा पाहिला. त्यातला वीर एकदासुद्धा पडत नाही. दादा अंधारात कानाशी म्हणाला, "हा आपला नव्हे."

वहिनीने पिशवीतला डबा टीव्हीला जोडून दिला. जुनंच संगीत वाजलं, पत्र्यावर चमचे पडावेत तसं. आता दादाकडे उजवा हात होता, म्हणजे माझी बटणं. मी पलंगाच्या डाव्या कडेला बसले आणि जन्मात पहिल्यांदा पाय झाले.

चौथ्या पावलाला टॉवेल्या नदीत.

"अगं, कडेला जरा थांबवायचं असतं!"

"तू उडी का नाही मारलीस?"

"सांगितलंस का? म्हणायचं कुणी?"

म्हणायचं मी होतं. घसा खाकरला. एवढी घोडी झाले, तीन बायका शिवायला ठेवल्यात, आणि भावाच्या पलंगावर बसून 'एक पाऊल, दुजं पाऊल' म्हणायला लाज वाटली. म्हटलं. 'उड'ला त्याचा अंगठा पडला आणि लाल झगा पलीकडे. दारातून वहिनी म्हणाली, "बाई गं!"

मला वाटायचं, चालवणं म्हणजे काय, नुसतं दाबून धरायचं. दादाला वाटायचं, उडीत काय अवघड. दोघंही एकमेकांच्या जागी बसून नदीत पडत राहिलो. अकरा वेळा. बाराव्या वेळी टॉवेल्या मनोऱ्याखाली पोचला आणि समोरून लोखंडी कुत्रे आले.

"मागे घे! मागे! अगं डावीकडे! तुझी डावी कुठली?"

"ओरडू नकोस, मला काही सुचत नाही!"

"सर बाजूला, तुझ्याच्याने होणार नाही."

आणि पांघरूण हललं. हात बाहेर आला तो त्याच्याही नकळत आला असावा, कारण त्याची नजर पडद्यावरच होती. बोटं मिटत नव्हती. मी रिमोटला खालून तळवा लावला. त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आला, ओल्या कपड्यासारखा जड, आणि त्याला ढकलू लागला. मी माझा काढून घेतला. त्याच्या कपाळावर घाम आला. दात दाबले गेले. कुत्र्यांनी टॉवेल्याला दोनदा चावून घेतलं.

मग अंगठा रुतला. टॉवेल्या वळला, डावीकडे तीन पावलं गेला आणि भिंतीला नाक लावून तिथल्या तिथे पाय हलवत राहिला.

"भिंतीत चालतोय," मी म्हणाले.

"चालतोय ना?" दादा म्हणाला.

कुत्र्यांनी उरलेलं काम केलं. पडदा काळा झाला. अंगठा तसाच बटणावर होता, आता थरथरत होता, आणि दादा त्याच्याकडे असा बघत होता जणू कुणी नवीन माणूस घरी आलाय.

वहिनी आत आली. रडू आवरायला तिने उगाच उशी झटकली.

"उद्या त्या बाई कधी येणार?" दादाने विचारलं.

"साडेनऊला."

"नऊला या म्हणावं," तो म्हणाला. "आणि हिला सांग, आजची रात्र इथेच राहा. अजून पहिलाच मनोरा आहे."