दिगूची लांबत गेलेली खोली

दिगूच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला त्या दिवसापासून त्याची खोली लांबायला लागली. रोज तीन शहाबादी फरश्या. दार तिथेच, खाट मात्र मागे सरकलेली. गवंड्याला दाखवलं तर म्हणतो, "अक्का, काम झकास झालंय." मेल्याला चहासुद्धा विचारला नाही मी.

दिगू माझा धाकटा भाऊ. मिरजेच्या घरात आम्ही दोघंच. केमो सुरू झाली तशा रोजच्या तीनाच्या दोन फरश्या झाल्या. मग डॉक्टर कुरण्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली.

"ही तर खोकल्याची अँटिबायोटिक," मी म्हटलं.

"जुनीच आहे. केमोसोबत दिली तर गाठीची वाढ मंदावते का, ते बघतोय. खात्री देत नाही. पण मला विचारल्याशिवाय बंद करू नका."

आठवडाभरात फरश्या वाढायच्या थांबल्या. दिगूचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. "अक्का, आमटी खारट झालीय गं." इतका आनंद झाला की मी पदर तोंडाला लावून रडले.

आमच्याकडे बरं वाटलं की गोळ्या बंद. उरलेल्या डब्यात, पुढच्या दुखण्याला. आईचीच सवय. दिगूचं पोटही बिघडत होतं. नऊ गोळ्या मी डब्यात टाकल्या. ना त्याला विचारलं, ना डॉक्टरांना.

चौथ्या दिवशी अकरा फरश्या वाढल्या. पाचव्या दिवशी मोजता येईनात. गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी सकाळीच दारातून दिगूच्या खाटेकडे निघाले.

दुपारी वाटेत डॉक्टर भेटले. खुर्ची टाकून बसले होते.

"बंद केली होतीत?"

"हो. चुकलंच माझं."

"सुरू करा."

"तेच करायला चाललेय. अजून किती लांब आहे?"

"मी इथपर्यंतच आलोय," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पुढे खाट लागली. चादर अजून उबदार होती. खाटेपलीकडे दिगू पाठमोरा चालत होता, अनवाणी, सावकाश. त्याच्या पावलागणिक पुढे एक नवी फरशी लागत होती. मी हाक मारली. मी धावले, या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. अंतर काही कमी होईना.

तो थांबला नाही, वळलाही नाही. गोळीसाठी त्यानं फक्त हात मागे केला, तळवा उघडा.