भिंतीच्या पोटातला बोळ

बोळ ठेवायचा की बुजवायचा, हे आज ठरणार होतं. नॉर्मंडीतल्या त्या कॅथेड्रलच्या वरच्या खिडक्यांपाशी मुख्य गवंडी आंकतीलनं भिंतीच्या जाडीतूनच चालायची वाट काढली होती, जेमतेम खांद्याएवढी रुंद. बांधकामाचा कारभार पाहणाऱ्या फादर रेनूफना ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. पोकळ भिंत दगडी छत कसं पेलणार?

थंडीसाठी काम थांबलं, पश्चिमेच्या अर्धवट भिंती शेणागवतानं झाकून झाल्या, तेव्हा आंकतीलनं बोळातल्या सांध्यांवर चुन्याच्या सात टिकल्या लावल्या होत्या. भिंत केसभर हलली तरी टिकली तडकते. आता थंडी सरली होती आणि दोघं त्या टिकल्या बघायला निघाले होते.

"सातही शाबूत असतील म्हणतोस, मिस्त्री?" जिना चढताना फादरनी विचारलं.

"असतील. नसल्या तर बोळ बुजवायला पहिला दगड तुम्हीच घाला."

पाच टिकल्या शाबूत निघाल्या. सहावीच्या अलीकडे खांबापाशी वाट चिंचोळी होती. आंकतीलच्या मागून येणारे फादर तिथं अडकले.

"ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास परवाच संपले ना, फादर?"

"माप स्वतःच्या अंगावरून घेतलंस, हडकुळ्या. जा, तूच बघून ये."

आंकतील आडवा होऊन पुढे सरकला. सातवी शाबूत होती. सहावी मधोमध तडकली होती. त्यानं चिरेवर नख फिरवलं, खिडकीतून खाली, भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या दक्षिणेकडच्या धिऱ्याकडे पाहिलं आणि परत आला.

"सहावी गेली."

फादरनी मान वाकवून पुढे पाहिलं. "मला इथून दिसत नव्हती. बोलला नसतास तर?"

"मग टिकल्या लावल्या कशाला?"

"शब्द दिलायस. दगड मागवतो."

"मागवा. पण पुढची चीर मग कुठून बघणार? प्रार्थनेला तुमची जागा बरोबर याच कमानीखाली आहे." आंकतीलचा आवाज जराही चढला नव्हता. "दोष बोळाचा नाही. बाहेरच्या धिऱ्याचा पाया ओल्या मातीत खचलाय. बोळ नसता तर हे कळलं असतं ते छत कोसळल्यावरच. उद्या पाया उकरतो, खडकापर्यंत भरतो. भरून झाला की नवी टिकली लावतो."

फादरनी कमानीतून खाली, आपल्या आसनाकडे पाहिलं.

"बोळ राहू दे," ते म्हणाले. "दर रविवारी टिकली मी स्वतः बघणार. तेवढा खांब तासून दे."

"खांबाला हात लावणार नाही. उपास पुढे चालू ठेवा."

आणि त्यानं फादरना खांद्याला रेटून, उलट्या पावली बाहेर काढायला सुरुवात केली.