सगळ्या टीव्हींचा रिमोट

००१

लागला नाही.

००२

लागला नाही. जिलानींनी कागद डोळ्यांजवळ धरला. मुंगीएवढ्या अक्षरांत दीडशे कोड. ‘सेट’ दाबून धरायचं आणि तीन आकडे टाकायचे, की हा रिमोट कुठल्याही टीव्हीचा होतो, असं दुकानदार छातीठोक म्हणाला होता. जिलानींच्या टीव्हीचा व्हायला मात्र तो तयार नव्हता. टीव्ही शेतीच्या चॅनेलवर अडकलेला, आणि त्याची स्वतःची बटनं केव्हाच आत गेलेली. तासभर ठिबक सिंचन चालू होतं.

सहा वाजता, सत्तेचाळीस नंबरवर, नांदेडहून थेट: कोचिंग क्लासच्या गुणवंतांचा सत्कार. त्यात जिक्रा. त्यांची एकुलती एक लेक, मेडिकलला लागलेली.

आता साडेपाच.

००३, ००४, ००५

नाही, नाही, नाही.

“अजी, सोडा की,” शिलाई मशीनवरून वहिदा म्हणाली. “परवा पोरगी घरी येऊनच राहिली. तोंडानं सांगंल.”

“तू चूप बस.”

वहिदा नांदेडला जाणारच होती. पिशवी भरून झाली होती. मग जिलानींना टायफॉइड निघाला आणि तिनं कपडे पुन्हा कपाटात ठेवले, एक शब्द न बोलता. तो न बोललेला शब्दच त्यांना टोचत होता. आज तिला लेक दाखवायचीच.

०१९

नाही. उजवा हात भरून आला.

हा हात एके काळी घड्याळं दुरुस्त करायचा. त्र्याण्णवच्या भूकंपात तो आठ तास तुळईखाली राहिला. तेव्हापासून मूठ वळत नाही. आधीचे दोन रिमोट हातातून पडून फुटले. म्हणून या तिसऱ्याला वहिदानं कालच रेक्झिनचा अभ्रा शिवला, मागं पट्टा. पट्ट्यात पंजा घातला की रिमोट हाताला बांधलेला. अठरा वर्षं ती असंच काहीबाही शिवत आली होती. शर्टाला बटनांऐवजी चिकटपट्टी, पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक. त्यांना कधी मागावं लागलं नव्हतं.

०३३

पावणेसहा.

“भंगारात घालतो याला!” त्यांनी डाव्या हातानं अभ्रा ओरबाडला. तो अर्धा निघाला, अंगठा कुठल्यातरी बटनावर पडला,

आणि ठिबक सिंचन जाऊन कुस्ती आली.

दोघं बघतच राहिले. वहिदा उठली. तिनं रिमोट उलटसुलट केला, अभ्रा बघितला.

“या अल्ला. किरण याच्या तोंडातून निघतो. आणि तोंडच शिवून टाकलं मी.” तिचा चेहरा उतरला. “इतका वेळ तुम्हाला उगाच...”

जिलानींनी तिच्याकडं बघितलं. “शिलाई काय पक्की गं तुझी. किरणसुद्धा सुटंना.”

ती हसली. हसता हसता डोळे पुसले.

४७

पण चार दाबलं की चार यायचं, सात दाबलं की सात. दोन आकडे रिमोटला जमत नव्हते. मग एकेक चॅनेल चढायचं. वहिदानं रिमोट दोन्ही हातांनी धरला, जिलानी डाव्या अंगठ्यानं दाबत गेले. रिमोट मध्येच दहा घरं मागं जायचा.

सत्तेचाळीस आलं तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती आणि जिक्रा माईकसमोर उभी होती.

तिचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. वरच्या भाड्याच्या खोल्यांत चाकूर-मुखेडकडून इथल्या क्लासला आलेली पोरं राहायची. त्यांच्या अभ्यासासाठी आवाज कायम तीनवर असे. जिलानींनी आवाजाचं बटन दाबलं. जिक्रा हिरवी झाली. पुन्हा दाबलं. जांभळी.

“राहू द्या, राहू द्या! जाईल ती!”

टीव्हीचा एकच स्पीकर चालू होता, कपाटाच्या बाजूचा. टीव्ही आणि कपाटाच्या मधल्या फटीत एकच डोकं मावायचं. जिलानी गुडघ्यावर बसले आणि कान लावला. तिथून पडदा दिसत नव्हता.

“काय म्हणती?”

“सरांचे आभार. अफसाना खालाचे आभार, दोन वर्षं ठेवून घेतलं म्हणून. कशी दिसती?”

“जांभळी. वाळली पोरगी. ओढणी नीट घेतली. हसून राहिली.” वहिदा पडद्याजवळ सरकली. “आता न्हाई हसत. आता काय म्हणाली?”

जिलानींनी कान आणखी आत घातला.

“सांगा की हो!”

“तुझं नाव घेतलं. पुरं नाव. वहिदा जिलानी मणियार.”

वहिदानं पडद्यावर हात ठेवला. मग विचारलं, “आणि तुमचं?”

“त्यातच आलं की,” जिलानी म्हणाले, आणि टाळ्या संपेपर्यंत कान तसाच लावून बसले.