निंबाची तलवार

मोहनसिंगनं आपल्या बापाची तलवार माझ्या ओट्यावर ठेवली.

"जगदेव, गणपतीच्या नाटकात मी सरदार हाय. चंदेरी कागदाची तलवार धराची आता लाज वाटते. अशीच्या अशी करून दे."

"लोकं तलवार नाही पाहत, तुह्या मिशीले हसतात."

"हसू दे. पण वजन बी पाह्यजे. हातात खेळणं लागू नये."

आमच्या इंझोरी गावच्या नाटकातले मुकुट, ढाली मीच रंगवतो. मोहनसिंग तांड्यावरचा, पण लहानपणी आम्ही ढोरं एकत्र राखली. नाटकातल्या तलवारीला वजन कशाला, हे मी विचारलं नाही.

निंबाच्या लाकडात सळई बसवली. वरून काळा रंग दिला. तो वाळल्यावर ब्रश चांदीच्या रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा केला आणि हलक्या हातानं फिरवला. असा रंग फक्त कडांना लागतो. मुठीवर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटानं चोळली, तळव्यानं घासल्यासारखी चमक आली. गेरू चहाच्या पाण्यात कालवला आणि मुठीच्या सांध्यात भरला. नवशिका सगळीकडं गंज लावतो. खरा गंज हात पोचत नाही तिथंच बसतो. पात्यावरची जुनी खाचही मी कोरली.

देताना बजावलं, "पुसू नको. पुसली तं रंग जाईन."

नाटक झालं. आठवण म्हणून तलवार त्यानंच घरी नेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ धनराज आला. तो कामासाठी बाहेरगावी असतो. बाप गेल्यापासून तलवारीवरून भावाभावांत अबोला होता. आज मात्र त्याचा चेहरा फुलला होता.

"भाऊ, दादानं बापाची तलवार मले देल्ली! विहिरीतला हिस्सा सोडला मी, पण हे मिळालं." त्यानं कापड सोडलं. "उद्या लिंबू कापाचं हाय, धार लावून द्या. पण पुसू नका. दादा म्हणे, बापाच्या हाताचा घाम हाय त्याच्यावर. पुसला तं बाप जाईन."

ती खाच मीच कोरली होती. शब्दही माझेच होते. मी पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला.

"घास."

"भाऊ, दादा म्हणे..."

"घास म्हणतो न."

त्यानं धारेवर पेपर फिरवला. आधी चांदी गेली, मग काळा रंग, आणि खाली पिवळं लाकूड दिसलं. तो कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"हे तुमच्या हातचं हाय न?"

"नाटकासाठी केली होती, बापू."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. विश्वास त्या नजरेत नव्हता. कापडाची घडी केली, तलवार तिथंच टाकली आणि निघून गेला.

दसऱ्याला मोहनसिंग नेहमीसारखा आपट्याची पानं घेऊन आला.

"सोनं घे, जगदेव."

मी हात पुढं केला नाही. त्यानं ओट्यावरच्या तलवारीकडं पाहिलं. त्याला राग नाही आला, उलट हळहळ वाटली.

"काहून सांगतलं रे? एवढं बेस काम केलं होतं तू. धन्याले जनमभर समजलं नसतं."

पानं तलवारीशेजारी ठेवून तो गेला. संध्याकाळी वाऱ्यानं ती अंगणात उडाली. मी उचलली नाहीत.