दार बंद, सरासरी

या शहरात स्वस्त घर कुठं मिळेल हे विचारायला लोक दलालांकडे जातात, आणि दलाल माझ्याकडे येतात. बावीस वर्षं मी विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरतोय. कुठल्या घरातली माणसं कमी झाली, कुठल्या खोलीत भाडेकरू टिकत नाही, कुठला मालक एकाच मीटरवर चार बिऱ्हाडं पोसतोय, हे मला आकड्यांवरून कळतं. फुकटचे सल्ले मागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण सख्खी बहीण विचारायला आली तर काय करणार?

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात सगळे तिला बेबी म्हणत आले, आता बेचाळिशीतही ती बेबीच आहे. नवरा गेल्यापासून शाळेचे गणवेश आणि पडदे शिवून घर चालवते. ती राहत होती ती इमारत मालकानं विकली आणि महिनाअखेर जागा मोकळी करा म्हणून सांगितलं. मुलीचं परीक्षेचं वर्ष, तेव्हा शाळा बदलायची नव्हती. मशीनसाठी उजेडाची खिडकी हवी होती. आणि भाडं झेपायला हवं होतं. माझ्याकडे आधीच पाच माणसं दोन खोल्यांत कोंबलेली. जागा मिळाली नाही तर तिला मुलीला घेऊन सासरच्या गावी जावं लागणार होतं. तिथं शिलाईला गिऱ्हाईक नव्हतं आणि बेबीला कुणी विचारतही नव्हतं.

"घर पाहावं बांधून म्हणतात," ती मला म्हणाली, "मी म्हणते, नुसतं शोधून तर पाहा."

तीन रविवार आम्ही वस्त्या पालथ्या घातल्या. जागा बघायची ती भर दुपारी, हा माझा नियम. सकाळी सगळ्याच वस्त्या शहाण्यासारख्या वागतात. दोरीवरचे कपडे दुपारीही ओले असले तर भिंतीही ओल्याच समजायच्या. जिन्यात बादल्या मांडलेल्या दिसल्या तर पाण्याची बोंब. मालगोदामामागची वस्ती स्वस्त होती, पण ट्रक मागे घेतला की खिडक्या थडथडायच्या. बस डेपोजवळ खोली छान मिळत होती, तर मालकीणबाईंना शिलाई मशीनचा आवाज चालणार नव्हता. डेपोतली इंजिनं दिवसभर कानाशी घुरघुरत होती ती मात्र चालत होती. नाल्याकडच्या जागेत बेबी नाकाला रुमाल लावून उभी राहिली.

"दादा, तुला सगळं शहर पाठ आहे," ती म्हणाली. "मग माझ्यापुरत्या दोन खोल्या तुला कशा सापडत नाहीत?"

मी चपलेकडे बघत राहिलो. कारण सापडल्या होत्या. जुन्या कापड गिरणीमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या सात महिने रिकाम्या होत्या. शाळा पायी दहा मिनिटांवर, खिडक्या मोठ्या, भाडं इतरांच्या निम्मं. ती गल्ली माझ्याच फेरीत येते. मी ती तिला सांगितली नव्हती, आणि सांगणारही नव्हतो.

महिना संपायला आठ दिवस राहिले आणि ती जागा तिची तिनंच हुडकली. गणवेश पोचवायला शाळेत गेली होती, तिथल्या शिपाईबाईनं पत्ता दिला. दुपारी मला फोन आला. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. तू एकदा नजर घाल, हो म्हण, की मी किल्ली घेते, असं ती म्हणाली.

सात महिन्यांत मी तो जिना चढलो नव्हतो. वर कुलूप आहे हे ठाऊक असताना गुडघे कशाला झिजवायचे, असं स्वतःला सांगत खालूनच पुढे जायचो. आज चढलो. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही दारांना कुलपं. तिसऱ्यावर पोचलो आणि बंद दारापुढे माझा हात उचलेना. आतून पावलं ऐकू आली. दार बेबीनं उघडलं.

तिथं आधी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. एकट्याच. पाय अधू, काठी टेकत चालायच्या. मी दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "थांबा, येते," आणि मग दारापर्यंत यायला त्यांना चार-पाच मिनिटं लागायची. आल्या की पाणी द्यायच्या, बिलाबद्दल कुरकुर करायच्या, गुडघ्याला काय लावायचं ते सांगायच्या. एका घरात माझी पंधरा मिनिटं मोडायची. मला त्यांचा वैताग यायचा, हे मी लपवत नाही.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं, फेरी अर्धी राहिली होती. दार वाजवलं. आतून त्यांचा आवाज आला, "थांबा, येते." आवाज बारीक होता आणि खालून, जमिनीलगतून येत होता. मी घड्याळात पाहिलं. कोणी दार उघडलं नाही की आम्ही वहीत 'दार बंद' लिहितो आणि मागच्या महिन्यांची सरासरी टाकतो. सगळेच करतात. मी ते लिहिलं आणि जिना उतरलो. पुढच्या महिन्यात तर वर गेलोच नाही, खाली उभा राहूनच 'दार बंद, सरासरी' लिहून टाकलं.

त्यानंतर आठवड्याभरात खाली गल्लीपर्यंत वास आला म्हणून लोकांनी दार फोडलं. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले की त्यानंतरही दोन-तीन दिवस त्या जिवंत असाव्यात. शेजारी कुणी उरलं नव्हतं आणि बिलं परगावचा भाचा भरायचा. मला कुणी काही विचारलं नाही. कचेरीनं उलट शेवटचं रीडिंग घ्यायला मलाच पाठवलं. पंखा तोवर चालूच होता. इतके दिवस तो त्यांच्यावर वारा घालत होता, आणि माझ्या वहीत त्या महिन्याची सरासरी होती, नेहमीसारखी.

तेव्हापासून कुठलंही दार वाजवलं की मला तो आवाज येतो. माणूस आत असो नसो. कुलूप लावलेल्या दारामागूनही येतो. घरी नळ सोडला की पाण्यातून येतो. बायको म्हणते कान तपासून घे. माझे कान ठणठणीत आहेत, तीच तर पंचाईत आहे.

बेबी मला खोल्या दाखवत होती. भिंतींना नवा चुना दिला होता, त्याखालून फिनेलचा वास येत होता. मशीन कुठं, मुलीचं टेबल कुठं, कपाट कुठं, सगळं तिनं मनात मांडूनही टाकलं होतं. तिनं बटण दाबलं आणि डोक्यावर तोच पंखा फिरायला लागला. नवा घ्यायला नको, ती खुशीत म्हणाली. इथं एक म्हातारी वारली, हे मालकानं तिला सांगितलं होतं. म्हातारी माणसं मरतातच, भाडं निम्मं असेल तर मी भुतालाही एक कोपरा देईन, असं म्हणून ती हसली.

मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. तिला घर मिळालं असतं, मुलीची शाळा टिकली असती, मी महिन्यातून एकदा येऊन चहा घेतला असता. पण तोच पंखा डोक्यावर फिरत असताना मला खोटं बोलवेना. आणि खरं सांगितलं तर ती हे घर सोडेल, आठ दिवसांत दुसरं मिळणार नाही, हेही दिसत होतं. तरी मी सांगितलं. सगळं.

बेबी खिडकीच्या कट्ट्यावर बसली.

"किती वेळ थांबलास?" तिनं विचारलं.

"अर्धं मिनिट."

"त्या थांबा म्हणाल्या होत्या?"

"हो."

"आणि आवाज खालून येतोय, हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"कळलं होतं."

तिनं उठून पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत ती वर बघत उभी होती.

"घर मी घेणार," ती म्हणाली. "मला दुसरं नाही, आणि त्या बाईंनी माझं काही वाकडं केलेलं नाही. त्यांची भीती मला वाटणार नाही. पण तू इथं येऊ नकोस, दादा. मी दाराकडे बघेन तेव्हा बाहेर तूच उभा दिसशील, आणि आत पडलेली मी असेन."

मी तिचं सामान हलवायला गेलो नाही. तिनं बोलावलंही नाही.

पण फेरी माझीच आहे. पुढच्या महिन्यात मी जिना चढलो. दारावर एक चिठ्ठी डकवलेली होती, बेबीच्या अक्षरात तारीख आणि मीटरचा आकडा. म्हणजे दार वाजवायलाच नको. दुसरा कुणीही तो आकडा उतरवून खाली गेला असता, आणि मीही पूर्वी आनंदानं गेलो असतो. मी दार वाजवलं. आत मशीन चालू होतं, ते थांबलं. पावलं वाजली नाहीत. काही वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

मी पायरीवर बसलो. खाली अख्खी गल्ली रीडिंगची वाट बघत राहिली. दोनेक तासांनी भाची शाळेतून आली. मला बघून तिचा चेहरा फुलला. मामा, बाहेर का बसलास, म्हणत तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं.

"आई, मामा आलाय," ती म्हणाली.

बेबीनं मशीनवरची मान वर केली नाही. सुईखालचा पडदा पुढे सरकवत ती म्हणाली, "मीटरवाले आहेत. आकडा घेऊ दे त्यांना, आणि गेले की दार लावून घे."

मी मीटरसमोर जाऊन आकडा वाचला. तो चिठ्ठीशी तंतोतंत जुळत होता.