बोलका पाट

"बोला, वाचामाऊली महाराज की…"

"जय!"

पत्र्याचा मांडव दणाणला. पुढच्या रांगेतल्या बाया रडू लागल्या, मधल्यांनी मोबाइल उंच धरले, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्या मागच्यांनी सगळ्यांत मोठ्यानं जयजयकार केला. एक न बोलणारं लेकरू नुकतंच बोललं होतं. तोंडानं नव्हे, बोटानं.

सिद्धेश्वर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला या महाराजांची निवासी बालवाडी आहे. न बोलणारी लहान लेकरं तिथं ठेवून घेतात. महाराज लेकराला मांडीवर घेतात, त्याचं मनगट धरतात, आणि समोर मांडलेल्या मोठ्या पाटावरच्या अक्षरांवरून लेकराचं बोट फिरू लागतं. शेजारी उभा असलेला शिष्य एकेक अक्षर माइकवर वाचतो. त्याचा शब्द होतो, आणि आईबापांना हुंदका फुटतो.

"डॉक्टर म्हणतात, ह्याला ऑटिझम हाय," महाराज माइकवर सांगत होते. "अरे, ऋषी मौनात बसले तर त्यास्नीबी तपासायला नेता काय? लेकराच्या कंठात सात गाठी असत्यात. सहा मी सोडतो. सातवी आईबापाच्या श्रद्धेनं सुटती. न्हाई सुटली तर चूक कोणाची?"

"आमची!" अख्खा मांडव ओरडला.

धंदा असावा तर असा. गुण आला तर महाराजांचा, नाही आला तर गिऱ्हाइकाचा दोष.

मी वसमतला शाळेत विज्ञान शिकवतो. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतो म्हणून नातेवाइकांत माझी ख्याती आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. त्या दिवशी मात्र मी खुसपट काढायला नव्हे, धास्तीनं गेलो होतो. जवळच्या हट्टा गावी दिलेली माझी धाकटी बहीण निलम आपल्या चार वर्षांच्या सोमेश्वरला त्या बालवाडीत ठेवायला आली होती. एकदा ठेवलं की आईबापांनी फक्त पौर्णिमेला भेटायचं आणि दवाखाना पूर्ण बंद करायचा, असा तिथला नियम.

सोमू बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. त्याच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं एक चाक निखळलं होतं, ते तो तासन्‌तास फिरवत बसतो. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी त्याला तपासून सांगितलं होतं, "हा ऑटिझम आहे, स्वमग्नता. गावातल्या अंगणवाडीतच चार पोरांत बसवा. सुरुवातीला आई सोबत राहू दे. आम्ही चित्रांची कार्डं देतो, त्यावर रोज थोडं काम करा. कधी बोलेल, किती बोलेल, हे आज मी सांगू शकत नाही."

हेच शेवटचं वाक्य निलमच्या जिव्हारी लागलं होतं. आणि इथं? इथं गेल्या पौर्णिमेला नुसतं दर्शनाला आणलं, तेव्हा पाटावर सोमूच्या बोटानं लिहिलं होतं, 'माय, मी तुझ्याजवळच हाय.'

"दादा, चार वर्षांत पयल्यांदा माझ्या लेकरानं मला हाक मारली," ती मला म्हणाली होती. यावर कोणता भाऊ तोंड उघडेल?  पण त्या पौर्णिमेचा व्हिडिओ मी पुन्हा पाहिला आणि संशयाचा किडा वळवळू लागला. बोट पाटावर फिरत होतं आणि सोमू वर छताच्या पंख्याकडे टक लावून बघत होता. अहो, डोळे मिटून मोबाइलवर एक नंबर लावून बघा. लागतो का? मग अक्षरओळख नसलेलं हे पोरगं पाटाकडे न बघता काना-मात्रेसकट लिहितं कसं? आणि सोमू आईला माय म्हणेल की मम्मी, हे महाराजांना कुणी सांगितलं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चप्पल-स्टँडवरच मिळालं. तिथं रूपाबाई नावाची सेविका बसते. मोठी मायाळू बाई. "कोणत्या गावचं गं माय? लेकराचं नाव काय? तुमच्यात आईला काय म्हणत्यात?" असं विचारत ती प्रत्येकीला बोलतं करते, आणि प्रत्येक लेकराच्या आधी धूपदान घेऊन महाराजांच्या कानाशी वाकते.

राहिला गाठोड्याचा चमत्कार. आमच्या भागात नवी हळद शिजून, वाळून, ढोलात घासून निघाली की पहिलं हळकुंड देवाला जातं, मग बाजारात. इथंही आई लेकराला दाखवून फडक्यात नैवेद्य बांधते, गाठोडं महाराजांपुढं ठेवते आणि लेकरू पाटावर सांगतं, आत काय आहे. बहुतेक वेळा 'हळद'. हळदीच्या मुलुखात, पिवळ्या पडलेल्या फडक्यात हळद निघते याचं लोकांना नवल वाटतं!

निलम लिंबाखाली बसून हळकुंड बांधत होती. मी शेजारी टेकलो.

"निलू, एक ऐकशील? हळकुंड राहू दे. सोमूचं चाक बांध. त्याच्या डोळ्यांदेखत."

"काहून?"

"लेकरू खरंच बोलत असंल तर चाक म्हणंल. त्याच्या जिवाची वस्तू हाय ती."

"देवाची परीक्षा घ्यायची, दादा?"

"देवाची न्हाई. मनगट धरणाऱ्याची."

तिथंच बसलेले जगनराव, माझे मेहुणे, चिडले. "सर, तुमचं हे दर बारीला असंच ऱ्हातं. अंगणवाडीत घातलं तर पोरगं कोपऱ्यात बसून राहिलं, ते बराबर हाय का?"

 निलमनं सोमूकडे बघितलं. मग तिनं त्याच्या हातातून हळूच चाक घेतलं, त्याला दाखवलं आणि त्याच पिवळ्या फडक्यात बांधलं. सोमू कळवळून किंचाळला. वाटेत रूपाबाईनं विचारलं, "काय आणलंस गं?" निलम म्हणाली, "देवाला कळंल की."

महाराजांनी सोमूला मांडीवर घेतलं. तो मागं रेलत होता, हात सोडवत होता. "गाठ सुटताना तकलीफ होती," महाराज हसून म्हणाले आणि मनगट घट्ट धरलं. बोट फिरलं. शिष्यानं वाचलं, "ह… ळ… द! हळद!"

"जय!" मांडव पुन्हा दणाणला.

निलम उठली. तेवढ्यात सोमू महाराजांच्या मांडीवरून निसटला आणि सरळ आईकडे आला. त्यानं तिचा हात धरला, ओढत गाठोड्याजवळ नेला आणि तिची बोटं गाठीवर ठेवली. सोड, म्हणून.

तिनं गाठ सोडली. चाक घरंगळत पाटावर गेलं. सोमूनं ते झडप घालून उचललं आणि फिरवू लागला.

मधल्या रांगेतले उंच धरलेले मोबाइल खाली आले.

"संशय मनात धरून आलीस," महाराज गरजले, "म्हणून वाणी बिघडली!"

"मग पुन्हा घेऊ," मी म्हणालो. "तुम्ही डोळ्यांवर उपरणं बांधा आणि मनगट धरा. बोलणारं लेकरू हाय, तुमच्या डोळ्यांची त्याला काय गरज?"

महाराजांना एकाएकी संध्येची वेळ आठवली. दुपारचं ऊन कडक होतं तरीही.

मी मागच्या लोकांकडे वळलो. "जो मनगट धरतो तोच लिहितो. कधी कधी धरणाऱ्यालाही ते कळत नाही, हात नकळत चालतो. इथं तर चप्पल-स्टँडवरून बातमी येते. लेकराला माहीत असलेली आणि महाराजांना माहीत नसलेली एकच गोष्ट विचारा, पाट मुका होतो." काही जण माझ्या अंगावर आले, हे सांगायलाच हवं. पण दोन-तीन आयांनी आपापली लेकरं उचलली आणि काही न बोलता चपला शोधू लागल्या.

जीपमध्ये निलम खूप रडली. "मंग ते 'माय' कोण म्हणलं, दादा?"

मला तिची फार दया आली, पण खोटं बोलवलं नाही. "महाराज म्हणाले. पण आज तुझा हात धरून गाठीवर कोणी ठेवला?"

 जगनरावच हळू आवाजात बोलले, "घरी बी असंच करतंय की पोरगं. पाणी पायजे तर हात धरून माठाकडं नेतंय. आमी त्याला खोड म्हणून रागवून राहिलो."

सोमू आता पुन्हा हट्ट्याच्या अंगणवाडीत जातो. निलम दाराशी बसते. अजून तो बोलत नाही. पण पाणी हवं असलं की माठाचं चित्र आणून हातात देतो. ते चित्र देताना त्याचं मनगट कुणी धरलेलं नसतं.

अशा लेकराच्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे. बालवाडी निवडताना तिथं आत बसू देतात का, ते आधी विचारा. जिथं दार लावून घेतात आणि दवाखाना सोडायला लावतात, तिथून लेकरू उचला आणि घरी या. खात्रीनं गुण देणाऱ्यापेक्षा 'मला आज सांगता येत नाही' म्हणणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवा. आणि लेकरू हात धरून ओढू लागलं, तर हातातलं काम टाकून त्याच्यामागं जा. ते काहीतरी सांगतंय.