शाखा डार्मश्टाट

"सोमवारपर्यंत काम दाखव, नाहीतर मधूकाकाकडे सांगलीला. तिकीट काढतोय मी."

"काढा. खिडकीची सीट सांगा."

"बघ शोभना, कसा बोलतो बापाशी."

शोभनामावशीनं बघितलंच नाही. ती हायडेलबर्गला पीएचडी करते. घानातली तरुण पोरं स्वतःचा धंदा का काढतात, यावर. कुमासी शहरातून आलेले तिचे दोनशे सर्व्हे फॉर्म आमच्या टेबलभर पसरले होते.

"अहो भाऊजी, माणसं दोनशे आणि अक्षर एकच," ती म्हणाली. रडायच्या बेतात होती.

मी शेवटचा फॉर्म उचलला. नाव क्वाबेना. वय एकोणीस. शाळा अर्धवट, माझ्यासारखीच. व्यवसाय: सर्व्हेचे फॉर्म भरून देणे. सुतार, शिंपी, वेण्या घालणाऱ्या बायका, कुणालाच लिहायला वेळ नाही. ते कामं करता करता उत्तरं सांगतात, हा लिहितो. एक छत्री, एक टेबल, फॉर्म ने-आण करायला हाताखाली चार पोरं. कर्ज नाही, ट्रेनिंग नाही, वशिला नाही. 'धंदा सुरू करण्याचं मुख्य कारण?' याच्यासमोर लिहिलं होतं, आपला सर्व्हे.

"याला मी कुठल्या तक्त्यात घालू?" मावशी म्हणाली.

खाली फोन नंबर होता. शेजारी एक ओळ: शाखा देणे आहे.

मी कॉलशॉपमधून फोन लावला. क्वाबेनानं इंग्रजीत दोनच गोष्टी विचारल्या. टेबल आहे का? आणि तुमच्याकडे फॉर्म असतात का?

"जर्मनीत? इथे कुत्रा पाळायचा तरी फॉर्म भरावा लागतो."

तो म्हणाला, नशीबवान आहेस.

शनिवारी वॉशसालोनमध्ये, नाणं टाकून कपडे धुवायच्या दुकानात, कपडे घडी करायच्या टेबलावर बसलो. सोमवारी सकाळी रांग दारापर्यंत. सगळी पुण्याची आयटीवाली मंडळी. अख्ख्या बँकांचं सॉफ्टवेअर लिहितात, पण किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांच्या सरकारी भत्त्याचा, फॉर्म बघितला की घाम फुटतो.

नवाच्या सुमारास बाबा आले. हातात आबमेल्डुंगचा फॉर्म. देश सोडून जाणाऱ्यानं भरायचा तो. मला सांगलीला पाठवायचं तर तो हवाच, आणि घरातले सगळे फॉर्म मी अकरा वर्षांचा असल्यापासून मीच भरतो.

"हा भर जरा."

"नंबर घ्या."

"अरे, मी तुझा बाप आहे."

"ते खाली विचारलंय. तिथे लिहितो."

त्यांनी नंबर घेतला. ड्रायरसमोर पाऊण तास बसले. कुणाचे तरी मोजे गरगरताना बघत होते.

त्यांची पाळी आली. "जाणाऱ्याचा व्यवसाय?" मी विचारलं.

"काही नाही, असं लिही."

"खोटं चालत नाही. खाली सही तुमची आहे."

बाबांनी मागची रांग बघितली. फॉर्म घडी करून खिशात घातला. मग दुसऱ्या खिशातून टॅक्सचा काढला, चुरगळलेला.

"मग हा तरी भर. तारीख उलटून गेलीये याची."

"आधी का नाही दिलात?"

"तुझ्यावर रागावलो होतो ना."

भरला. आता अकरा जणांचे कागद पोचवायचेत आणि ब्युर्गरबुरो, इथली पालिकेची कचेरी, बाराला बंद होतं. निघतो मी.